आपण कोठले?

आगगाडीच्या डब्यात दोन मराठी माणसे समोरासमोर बसली, की पहिले स्टेशन मागे पडण्याच्या आतच एकजण विचारतो, ‘आपण कोठले?’ नाव मागाहून, धंदा त्याहूनही मागाहून, आधी गाव. गाव कळले की समोरच्याला निम्मा माणूस कळल्यासारखा होतो. मी रावेरचा. हे सांगितल्यावर काहींच्या डोळ्यांपुढे केळीच्या बागा उभ्या राहतात, तर काहींना रावेर नेमके कोठे हे सांगावे लागते. मग मी म्हणतो, ‘भुसावळहून खांडव्याच्या वाटेवर, बऱ्हाणपूरच्या अलीकडे.’ तेवढ्याने भागते. परंतु हाच प्रश्न परक्या मुलखात, परक्या भाषेत कोणी विचारला तर? आणि उत्तर देता आले नाही तर? इतिहासात या साध्या प्रश्नापायी काय काय घडले आहे, ते पाहिले म्हणजे मन थक्क होते.

हा विषय सुचण्याला निमित्त झाली माझी पुतणी. ती पुण्याला फ्रेंच शिकू लागली आणि सुटीत घरी आली, ती पहिला धडा घेऊनच. ‘काका, आपण कुठले ते फ्रेंचमध्ये सांगू?’ असे म्हणून तिने आपले नाव सांगितले आणि पुढे जोडले, ‘झ स्वी द रावेर.’ घरातल्या मंडळींना हसू आले. मी मात्र त्या लहानशा वाक्याची उस्तवार करीत बसलो.

फ्रेंच माणूस नाव सांगताना ‘झ मापेल’ अशी सुरुवात करतो. यातला ‘झ’ आपल्या झाडातला नव्हे. ‘श’ म्हणता म्हणता कंठ वाजवला की जो ध्वनी निघतो, तो हा. शब्दशः पाहिले तर अर्थ होतो, ‘मी मला अमुक म्हणून हाक मारतो.’ माणूस स्वतःला हाक मारतो, ही कल्पना मला मोठी गोड वाटली. त्यापुढचे ‘झ स्वी द रावेर’ म्हणजे ‘मी रावेरचा आहे.’ आपण ‘रावेरचा’ आणि ‘रावेरहून’ असे दोन वेगळे प्रत्यय ठेवले आहेत. ‘रावेरचा’ म्हणजे जन्माचा, मुळाचा. ‘रावेरहून’ म्हणजे सकाळच्या गाडीने निघालेला. फ्रेंचांचा एकच ‘द’ ही दोन्ही कामे करतो. गावाच्या नावाच्या आरंभी स्वर आला तर हा ‘द’ त्यात विरघळून जातो. म्हणून अमळनेरचा माणूस तेथे ‘दामलनेर’ होईल आणि एरंडोलचा ‘देरंडोल’. ‘ळ’ त्या भाषेत नाही, तेव्हा अमळनेरकरांनी तेवढी झीज सोसायला हवी. रावेरवर मात्र वेगळाच प्रसंग यायचा. रोमन लिपीत लिहिलेल्या रावेरच्या शेवटी जी दोन अक्षरे येतात, त्यांचा उच्चार फ्रेंच क्रियापदांत नुसता ‘ए’ होतो. तेव्हा आमचे गाव वाचणारा एखादा फ्रेंच गृहस्थ त्याला बहुधा ‘रावे’ करून सोडील!

तरीही मराठी माणसाला हा धडा इंग्रजापेक्षा सोपा जावा. ओळखीच्याला ‘त्यू’ आणि परक्याला वा वडीलधाऱ्याला ‘व्हू’ हा भेद म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. मुलगा स्वतःला ‘अँदियँ’ म्हणतो आणि मुलगी ‘अँदियेन’, हेही आपल्याला नवे नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत आपण तेच करतो. आणि सर्वांत जवळची गोष्ट नावांची. आपण गावाच्या नावामागे ‘कर’ लावून आडनाव करतो; फ्रेंच लोक गावाच्या नावाआधी ‘द’ लावतात. आपले गाव नावाच्या शेपटीला असते, त्यांचे नावाच्या तोंडाशी.

असाच एक ‘द’वाला फ्रेंच माणूस सतराव्या शतकात आमच्या रावेरवरून गेला. त्याचे नाव झाँ बातीस्त ताव्हेर्निये. हा रत्नांचा व्यापारी. जन्म पॅरिसचा, 1605 सालचा. बाप मात्र अँटवर्पहून आलेला. सहा वेळा तो पूर्वेकडे आला. 1670 साली त्याने स्वित्झर्लंडातल्या ओबोन गावची जहागीर विकत घेतली आणि 1676 मध्ये प्रवासवर्णन छापले, तेव्हा मुखपृष्ठावर स्वतःला ‘बॅरन दोबोन’, म्हणजे ओबोनचा सरदार, म्हणवून घेतले. म्हणजे मौज पाहा: बाप अँटवर्पचा, जन्म पॅरिसचा, नावातले गाव स्वित्झर्लंडातले, आणि 1689 साली देह पडला तो रशियात! ‘आपण कोठले?’ असे त्याला कोणी विचारले असते, तर त्याने यांतले कोणते उत्तर दिले असते?

त्याच्या काळी सुरतेहून आग्र्याला जाणारी एक मोठी वाट खानदेशातून जात असे. नवापूर, नंदुरबार, मग थाळनेर. तेथून तापीच्या उत्तर अंगाने चोपडा, साकळी, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर. ताव्हेर्नियेने या मुक्कामांची यादीच दिली आहे. परंतु त्या यादीत आमची गावे ओळखू येत नाहीत. नंदुरबारचे ‘नासारबार’, थाळनेरचे ‘तालनेर’, चोपड्याचे ‘शुप्र’ आणि बऱ्हाणपूरचे ‘ब्रांपूर’ झाले आहे. साकळीच्या पुढचा मुक्काम त्याने ‘नाबीर’ असा लिहिला आहे. अभ्यासक हे रावेरच समजतात. व्हॅलेंटाइन बॉल याने 1889 मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा अशी एकेक गावे नकाशावर जुळवून पाहण्यात त्याला पुष्कळ खटपट करावी लागली. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, हे ताव्हेर्नियेने आवडीने नोंदले आहे. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते, हेही तो सांगतो. आमचे रावेर पुढे जरीच्या तारेसाठी नावाजले आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत तशी नोंद झाली. पण त्याच्या यादीत ते केवळ एक मुक्काम आहे, आणि तेही चुकलेल्या नावाने. कोणा वाटाड्याने ‘रावेर’ म्हटले असेल, त्याच्या कानांनी वेगळेच ऐकले असेल, लेखणीने आणखी वेगळे लिहिले असेल. गाव सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, या दोघांच्या मधल्या अंतरात एक अख्खे गाव हरवू शकते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता आपली बाजूही पाहू. आलेल्या परक्यांना आपण तरी नीट ओळखले का? आपण गोऱ्या माणसाला ‘फिरंगी’ म्हटले. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचे मूळ ‘फ्रँक’ या जमातीच्या नावात आहे. ‘फ्रान्स’ हे नावही त्याच जमातीवरून पडले. पण मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हणजे बहुधा पोर्तुगीज! फ्रान्सच्या लोकांवरून निघालेला शब्द पोर्तुगिजांना बहाल झाल्यावर खुद्द फ्रेंचांसाठी दुसरा शब्द आणणे भाग पडले. तो ‘फरासीस’. तरीही आपले राजकारणी बेसावध नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांची नावे निवडून दिली आहेत: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन. टोपी सर्वांची सारखी दिसली, तरी डोके कोणत्या गावचे हे विचारून घ्यावे, असे शहाणपण त्यांच्यापाशी होते.

या शहाणपणाची परीक्षा 1777 साली झाली. त्या वर्षी सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलला उतरला आणि पुण्यास येऊन त्याने आपली ओळख ‘फ्रान्सच्या राजाचा वकील’ अशी करून दिली. नाना फडणिसांनी त्याचे स्वागत मोठ्या इतमामाने केले. मुंबईकर इंग्रजांचा वकील मॉस्टिन तेव्हा पुण्यातच होता. त्याचा जीव खालीवर झाला. सेंट लुबिनला फ्रान्सच्या मंत्र्यांचा थोडाबहुत आधार होता हे खरे. पण जेवढा अधिकार तो सांगत होता, तेवढा त्याच्याजवळ नव्हता. फौजा येतील, दारूगोळा येईल, ही त्याची वचने वाऱ्यावरच राहिली. नानांना हे कळत नव्हते असे नाही. इंग्रजांना धाकात ठेवण्यापुरता हा पाहुणा त्यांना उपयोगाचा होता. काम संपल्यावर 1778 मध्ये त्यांनी त्याला वाटेला लावले. पण तोवर इंग्रजांनी मराठ्यांशी युद्ध करण्यासाठी जी कारणे पुढे केली, त्यांत या फ्रेंच पाहुण्याचेही नाव आलेच. एका माणसाने फुगवून करून दिलेली ओळख दोन सत्तांमधल्या वैराला तेल घालून गेली.

याच्या उलट स्वभावाचा माणूस म्हणजे महादजी शिंद्यांचा सेनापती द बॉइन्य. याने बोलण्यापेक्षा करून दाखवले. महादजींच्या कवायती पलटणी त्याने उभ्या केल्या. पण त्याच्याही नावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्याचे जन्मनाव बेन्वा लबोर्न्य. ‘लबोर्न्य’ म्हणजे एका डोळ्याचा. हे नाव बदलून त्याने ‘द बॉइन्य’ असे सरदारी थाटाचे नाव घेतले. आपण त्याला सरसकट फ्रेंच म्हणतो. वास्तविक तो 1751 साली सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावी जन्मला आणि तेव्हा सॅव्हॉय सार्डिनियाच्या राजाकडे होता. फ्रेंच राज्यक्रांतीत तो फ्रान्सने घेतला, नेपोलियनच्या पाडावानंतर परत गेला आणि 1860 पासून कायमचा फ्रान्समध्ये आला. द बॉइन्य 1830 साली शांबेरीतच वारला. त्याच्या स्मरणार्थ तेथे चार ओतीव लोखंडी हत्तींचे कारंजे आहे. मृत्यूच्या वेळीही तो फ्रान्सच्या हद्दीत नव्हता. तरी ‘मी शांबेरीचा’ हे त्याचे उत्तर जन्मापासून मरणापर्यंत खरेच राहिले.

आम्हा रावेरकरांना हे चटकन समजते. रावेर निजामाकडे होते. 1763 मध्ये ते पेशव्यांकडे आले आणि पेशव्यांनी ते होळकरांना दिले. मग इंग्रज आले. 1906 साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा आम्ही पूर्व खानदेशात गेलो. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि पूर्व खानदेशला जळगावचे नाव मिळाले. ज्या बऱ्हाणपुराशी आमचा शेकडो वर्षांचा घरोबा, ते मध्य प्रदेशात राहिले. तीन-चार पिढ्यांच्या कुटुंबात ‘राज्य कोणते?’ याची वेगवेगळी उत्तरे निघतील, ‘गाव कोणते?’ याचे एकच. राज्ये सरकतात, गावे जागच्या जागी बसून असतात. म्हणून आगगाडीतला प्रश्न राज्याचा नसतो, गावाचा असतो.

येथवर ते आपल्या दारी आले आणि आपण विचारले. आता आपण त्यांच्या दारी गेलो तेव्हा काय झाले ते पाहू. सर्वांत मोठा प्रसंग 8 जुलै 1910 चा, मार्सेय बंदरातला. विनायक दामोदर सावरकरांना लंडनमध्ये पकडून ‘मोरिया’ बोटीने हिंदुस्थानात आणले जात होते. बोट मार्सेयला लागली असताना सकाळी ते शौचकूपाच्या झरोक्यातून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्यावर गेले. फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकला, म्हणजे इंग्रजांचा अधिकार संपला. आता फ्रेंच न्यायाधीशापुढे उभे राहायचे, हा त्यांचा हिशेब. पण धक्क्यावर भेटला तो सागरी पोलिसांचा एक जमादार. पाठीमागून बोटीवरची माणसे आरडाओरडा करीत येत होती. सावरकर इंग्रजीतून सांगत होते आणि जमादाराला इंग्रजी कळत नव्हते, असे चरित्रकार सांगतात. थोड्याच मिनिटांत त्याने त्यांना धरले आणि बोटीवर पोचते केले. दुसऱ्या दिवशी बोट निघाली.

बातमी फुटली तेव्हा युरोपात गहजब झाला. कार्ल मार्क्सचा नातू झाँ लाँगे याने ‘ल्युमानिते’ पत्रातून आवाज उठवला; पॅरिसमध्ये मादाम कामा धडपडत होत्या. फ्रान्सने सावरकरांना परत मागितले, इंग्लंडने नाकारले, आणि वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. 24 फेब्रुवारी 1911 रोजी पाच पंचांनी निकाल दिला: पकडून देण्यात अनियमितपणा झाला खरा, पण म्हणून इंग्लंडने कैदी परत दिलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही. या निकालपत्रात एक वाक्य असे आहे की त्यावर डोळा खिळून राहतो. आपण कोणाला धरले आहे हे त्या जमादाराला ठाऊक नव्हते, बोटीवर गुन्हा करून पळालेला हा कोणी खलाशी असावा असे त्याला वाटले, असे एक म्हणणे पंचांपुढे मांडले गेले, त्याची ती नोंद आहे.

पळालेला खलाशी! त्या धक्क्यावर ‘मी कोण, कोठला आणि तुमच्या भूमीवर कशासाठी आलो’ ही तीन वाक्ये फ्रेंचमध्ये उच्चारली गेली असती, तर निकाल फिरलाच असता, असे मी म्हणत नाही. फ्रेंच पोलिसांना या कैद्याविषयी लंडनहून आधीच कळवलेले होते आणि पंचांनी त्याच गोष्टीला वजन दिले. तरी जमादाराला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणायला जागा उरली नसती, एवढे निश्चित. हेगच्या कज्जात पुढे ‘विनायक दामोदर सावरकर’ हे नाव तिन्ही पदांसह पूर्ण छापले गेले. पण ज्या क्षणी ते ऐकले जायला हवे होते, तो क्षण मार्सेयच्या धक्क्यावरच निघून गेला होता. लवादाच्या निकालाआधीच मुंबईत दोन जन्मठेपांची, म्हणजे पन्नास वर्षांची, शिक्षा सुनावली गेली होती.

हा झाला एका प्रख्यात माणसाचा प्रसंग. ज्यांचे नाव इतिहासाने घेतले नाही, अशा हजारोंचा प्रसंग मॉरिशसमध्ये घडला. हे बेट 1715 पासून फ्रेंचांकडे होते. 1810 मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. पण तहात रहिवाशांचे कायदे आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन दिले, त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि बोली फ्रेंचांची, असा प्रकार झाला. 1835 मध्ये तेथील गुलामगिरी उठू लागली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर हिंदुस्थानातून तेथे नेली गेली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही बोटी सुटल्या. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची, मराठी कुटुंबे पुष्कळ होती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या पायऱ्या चढून गेले की कचेरी लागे. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात आणि 2006 पासून ती जागतिक वारसा म्हणून गणली गेली आहे. तेथील कारकून विचारी: नाव काय, बापाचे नाव काय, वय काय, गाव कोणते. सांगणारा कोकणी मराठीत सांगे. लिहून घेणारा त्याच्या कानाला पटेल तसे रोमन अक्षरांत उतरवी. ताव्हेर्नियेच्या यादीत रावेरचे जे झाले, ते येथे माणसांचे झाले. कुठे गावाऐवजी नुसता जिल्हा आला, कुठे गावाचे नाव असे उतरले की नकाशावर सापडू नये. आडनाव बहुधा गळून पडले आणि बापाचे नाव तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव बनले. नावाच्या शेपटीला लागलेला ‘कर’ गेला आणि त्याच्याबरोबर गावही गेले.

तरीही ही माणसे मराठी राहिली. तेथे मराठी शाळांतून शिकवली जाते. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन 1960 पासून काम करते आहे. तेथले मराठी मूल घराबाहेर क्रिओल बोलते. क्रिओल ही फ्रेंचपासून झालेली बोली, आणि तिच्यात नाव सांगायचे ते ‘मो आपेल’ म्हणून. पुतणीच्या ‘झ मापेल’चीच ही धाकटी बहीण! म्हणजे फ्रेंच वळणाने आपली ओळख करून देणारी मराठी माणसे पुण्याच्या वर्गांच्या फार आधीपासून जगात आहेत. त्यांचे वाक्य पहिल्या अर्ध्यापर्यंत अस्खलित चालते. दुसऱ्या अर्ध्यात, मूळ गाव सांगण्याच्या जागी, पुष्कळांना थांबावे लागते.

जुन्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. 1860 नंतरच्या काळातल्या कित्येक मजुरांची छायाचित्रेही त्यांत आहेत. पणजोबांचा शोध घेणारे वंशज तेथे जातात आणि झिजलेल्या अक्षरांतून एखाद्या गावाचे नाव जुळवू पाहतात. ज्याला ते सापडते, त्याला जमीन मिळत नाही, घर मिळत नाही, तेथे ओळखीचे कोणी उरलेलेही नसते. त्याला मिळते ते एवढेच, की आपले वाक्य आता पुरे करता येते.

वाचकहो, ही दिवाळी. परगावी, परदेशी गेलेली मुले या दिवसांत घरी येतात आणि भाऊबीज झाली की पुन्हा पांगतात. कोणी फ्रेंच शिकतो, कोणी जर्मन, कोणी आणखी काही. त्यांना फराळाचा डबा बांधून देताना आपल्या गावाचे नावही नीट बांधून द्यावे: गाव, तालुका, नदी कोणती, जवळचे मोठे ठिकाण कोणते, आणि ते नाव परक्या लिपीत कसे लिहायचे हेही. लिहून घेणारा कारकून पुढे कोणत्या कानाचा भेटेल ते कोणी सांगावे? आपल्याकडून सांगण्यात तरी उणे राहू नये. अमळनेरकराने खुशाल ‘दामलनेर’ म्हणावे, रावेरकराने ‘द रावेर’. आणि एखाद्याने त्याचे ‘रावे’ केले, तर शेवटचा ‘र’ ठासून पुन्हा उच्चारावा. साडेतीनशे वर्षांपूर्वी तो एकदा ‘नाबीर’मध्ये हरवला होता, आता तो हरवायला नको.